गिअरबॉक्समधला भुसा

चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गिअर तपासते. लग्नाच्या आधीपासून हेच काम आहे. तयार झालेले दोन गिअर यंत्रावर एकमेकांत बसवायचे, फिरवायचे आणि आवाज ऐकायचा. पडद्यावर आकडा उमटतो, पण आकडा यायच्या आधी कानाला कळलेलं असतं. घरी हे काम मला कधी नीट समजावून सांगता आलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, "ती कंपनीत मशीनवर असती." तेही काही खोटं नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर तपासले, पण स्वतः स्कूटीवर फिरले. मला गाडी हवी होती, आणि तीही हातानं गिअर टाकायची. आता बहुतेकांना आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आवडतात. मला क्लच दाबून, गिअर खोबणीत बसल्याचं तळहाताला कळायला हवं असतं. तशी एक गाडी आमच्याच नात्यात होती. माझ्या थोरल्या दिरांची. लाल रंगाची, बुटकी, टर्बो इंजिनाची, परदेशी कंपनीची. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतलेली आणि नोकरीसाठी परदेशी जाताना दारात ठेवून दिलेली.

भाऊजी प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. पिशोरला शेती आहे, ती बटईनं दिलेली. स्वतः शहरात बंगला बांधून राहतात. घरात त्यांचा शब्द शेवटचा. भावकीत बांधावरून भांडण झालं, कुणाची सोयरीक अडली, की माणसं त्यांच्याकडं येतात. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, आवाज कधी चढत नाही. "मी व्यवहारात चोख माणूस," असं ते स्वतःच म्हणतात आणि ऐकणारे मान डोलावतात. मीही डोलावली आहे.

दिवाळीत त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. माझ्या नवऱ्यानं विषय काढला.

"दादा, लाल गाडी काढणार म्हणे तुम्ही?"

"काढायचीय. एक दलाल आलाय, जालन्याचा. त्याला देतो."

"मग आम्हालाच द्या की. हिला हवीय. घरातली गाडी घरात राहील."

भाऊजींचा हात भाकरीवर थांबला. मला वाटलं, मुलाची आठवण म्हणून जीव अडकलाय. मग ते म्हणाले, "बघू. तिला झेपंल का ती? लई ताकद आहे त्या गाडीत."

"तिला गिअरचंच तर कळतं," नवरा हसून म्हणाला.

भाऊजीही हसले. जाऊबाईंनी मला आणखी एक करंजी वाढली. आठवड्याभरात गाडी आमच्या दारात आली.

ती पहिल्या दिवशी इतकी शांत चालली की मी खूश झाले. खिडक्या बंद करून जालना रोडनं चिकलठाण्यापर्यंत गेले. गिअर जरा जड पडत होते, विशेषतः सकाळी दुसरा. थंडी आहे, गाडी दारात पडून होती, असं मी स्वतःला समजावलं. कारखान्यात एखादा गिअर इतका गप्प फिरला असता तर मी यंत्र बंद करून आधी बघितलं असतं की काय बिघडलंय. पण आपल्या नव्या वस्तूकडं माणूस तसं बघत नाही.

संक्रांतीच्या सुमारास आवाज सुरू झाला. आधी बारीक, मच्छराएवढा. मग गिरणीतल्या पट्ट्यासारखा. तिसऱ्या गिअरमध्ये जास्त. त्याच सुमारास आम्ही दोघं दौलताबादच्या घाटातून वर चाललो होतो. मी तिसऱ्यात जोर दिला तर इंजिनाचा काटा सरसर वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगानं रांगत राहिली. मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागला. गाडीत केस जळल्यासारखा वास भरला.

"काय जळतंय?" नवऱ्यानं नाकाला रुमाल लावला.

"क्लच," मी म्हटलं. "प्लेट घसरतीय. इंजिन फिरतंय, पण ती ताकद चाकापर्यंत जात नाही."

घाट कसाबसा चढले आणि वर एका बाजूला गाडी लावून मी तपासणी केली. हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन तिथंच गचका खाऊन बंद पडायला हवं. ते बंद पडलं नाही, गुरगुरत राहिलं. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आवाज ऐकला. पेडल सोडलं की गुणगुण, पेडल दाबलं की बंद. म्हणजे गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या मुख्य दांड्याचं बेअरिंग गेलेलं. क्लच एक आणि बेअरिंग दुसरं. दोन्ही एकदम, आणि घेऊन तीन महिनेही झालेले नाहीत.

नवऱ्यानं तिथूनच भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"असं व्हय?" भाऊजी म्हणाले. "होतं, मशीन आहे. हे बघ, दुसरीकडं कुठं नेऊ नका. भलतेच लोक असतात. आपला मिस्त्री आहे, वसाहतीच्या मागच्या गल्लीत. मी सांगून ठेवतो. तिला म्हणावं, गाडी सोडायची आणि घरी जायचं. तो करंल."

"बघ, दादा किती करतो," नवरा फोन ठेवून म्हणाला.

ते गॅरेज माझ्या कारखान्यापासून जवळच होतं, पण त्या गल्लीत मी कधी शिरले नव्हते. पत्र्याची शेड. भिंतींवर हात पोहोचेल तितक्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या. जुन्या सुकून काळ्या पडलेल्या, त्यांच्यावर ताज्या लाल. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात ऑइलचा तवंग, आणि त्याच पाण्यानं चहाचे ग्लास विसळलेले. मला चहा आला त्या ग्लासाच्या कडेला काळ्या अंगठ्याचा ठसा होता. मी ग्लास हातात धरून ठेवला आणि मिस्त्रीचं लक्ष नसताना बाहेर मातीत ओतला.

मिस्त्री पन्नाशीचा, तगडा, बोलका माणूस. तोंडात तोबरा असल्यामुळं मान वर करून बोलायचा.

"तुम्ही जावा ताई निवांत. परवा फोन करतो. साहेबांनी सांगितलंय मला सगळं."

"काय सांगितलंय?"

"हेच की, काम नीट करायचं."

"मी थांबते. आज सुट्टी काढलीय. मला ऑइल बघायचंय, उतरवताना."

"ऑइलमध्ये काय बघायचं? काळं असतंय."

"त्याच्यात धातू किती आलाय ते बघायचं."

त्यानं तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "लई घाण असतंय ताई. साडीला लागंल."

मी ड्रेसवर होते. मी स्टूल ओढून बसले.

त्यानं बराच वेळ काढला. आधी दुसरी गाडी उरकायला घेतली, मग कुणाचा तरी फोन आला म्हणून गल्लीच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलत राहिला. बोलताना दोनदा वळून माझ्याकडं बघितलं. परत आला तेव्हा गाडी लिफ्टवर चढवण्यावाचून त्याला पर्याय उरला नव्हता. खाली डबा ठेवून त्यानं गिअरबॉक्सचा तळाचा बोल्ट काढला.

काहीच आलं नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल उघडल्यावर धार लागते. इथं भोक उघडं आणि एक थेंब नाही.

"थंडीनं घट्ट झालंय," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, अकरा वाजलेत. डोक्यावर ऊन आहे."

त्यानं तार घेतली आणि भोकात घातली. दोनतीनदा ढवळल्यावर एक गोळा सुटला आणि डब्यात पडला. मग दुसरा. मग तो सगळा ऐवज हळूहळू, जुलाब झालेल्या जनावराच्या शेणासारखा खाली यायला लागला. काळपट तपकिरी, रवाळ. सडक्या अंड्यांचा वास आला, तो जळक्या गिअर ऑइलचा; पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, ओल्या लाकडाचा. पावसाळ्यात वखारीत येतो तसा. मी वाकले, चिमटीत थोडं घेतलं आणि बोटांत चोळलं. ग्रीस होतं. ग्रीसमध्ये पितळेची चमचम होती, ती गिअर जुळवणाऱ्या कड्यांची झीज. आणि उरलेलं सगळं लाकूड होतं. ऑइल पिऊन फुगलेला, बारीक चाळलेला लाकडाचा भुसा.

ही युक्ती मी ऐकून होते. आमच्या खात्यातले जुने लोक गंमत म्हणून सांगायचे. गिअर वाजायला लागले की विकणारा आत जाड ग्रीसमध्ये भुसा कालवून भरतो. दातांमध्ये भुशाची गादी बसते, आवाज दबतो. गिऱ्हाईक चालवून बघतं, खूश होतं, घेऊन जातं. दोनतीन महिन्यांत भुशाचं पीठ होतं आणि आवाज परत येतो. शिवाय मधल्या काळात ऑइल पोहोचलेलं नसल्यामुळं जे धड होतं तेही झिजलेलं असतं. हे मी गोष्ट म्हणून ऐकलं होतं. ते माझ्या बोटांना चिकटलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं.

"असतात ताई लोक. काय सांगावं. पुण्याहून आणली होती ना पोरानं."

"पोरानं शोरूममधून नवी आणली होती. मी पेढे खाल्लेत तिचे."

त्यानं तार फडक्यानं पुसायला घेतली.

"मिस्त्री, ही गाडी याआधी कुणी उघडली?"

त्यानं दाराबाहेर जाऊन पिचकारी टाकली. परत आला तेव्हा तोंड रिकामं होतं, आणि पहिल्यांदाच तो सरळ मान करून बोलला.

"मीच भरलंय, ताई."

मी भुसा लागलेली बोटं त्याच्यासमोर धरली.

"साहेब म्हणले, आवाज लई येतोय, उघडून करायला खर्च लई येतोय, विकायचीच आहे तर कशाला करायचं. जालन्याचा दलाल घेणार हाये म्हणले. मला काय म्हाईत तुम्ही घेणार! घरच्याच माणसाला देतील असं कुणाला वाटंल?"

"म्हणजे जालन्याच्या माणसाला दिली असती तर चाललं असतं?"

त्याला प्रश्न कळला नाही. खरंच कळला नाही. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तो दलाल हाये, ताई," तो म्हणाला. "तो बी पुढं कुणाच्या तरी गळ्यात घालणार होता."

हे त्यानं मला धीर द्यायला सांगितलं. त्याच्या दृष्टीनं चूक एवढीच झाली होती की माल चुकीच्या दारात गेला. आणि मघाचा फोन भाऊजींचाच होता, हेही त्यानं न विचारता सांगून टाकलं. "ती बसून राहिली तर तिला चहापाण्याला पाठव आणि तेवढ्यात रिकामं कर," असं साहेब म्हणाले होते.

मी त्या डब्यातलं थोडं एका जुन्या बाटलीत भरलं, हात रॉकेलनं धुतले आणि रिक्षानं सरळ भाऊजींच्या बंगल्यावर गेले.

ते अंगणात झोपाळ्यावर बसले होते. मी बाटली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"हे तुम्ही भरायला लावलंत."

"बस आधी. पाणी घे."

"भाऊजी, हे तुम्ही भरायला लावलंत ना?"

"हे बघ," ते शांतपणे म्हणाले, "तुला विकायची नव्हतीच मला गाडी. मी दलालाचं नाव सांगितलं होतं ना तुमच्यासमोर? तुझ्या नवऱ्यानंच गळ घातली. आता लहान भाऊ तोंड उघडून मागतोय, नाही कसं म्हणायचं?"

"मग सांगायचं होतं की आत भुसा आहे."

"जेवायच्या ताटावर?" त्यांचा चेहरा आक्रसला. माझ्या बोलण्याचीच त्यांना घाण वाटल्यासारखा. "घरात असं बोलतं का कुणी?"

त्या माणसाला भुसा भरताना संकोच वाटला नव्हता, तो मला गाडी देताना वाटला नव्हता, माझ्यामागं फोन करून डबा रिकामा करायला सांगताना वाटला नव्हता. संकोच वाटला तो नुसता बोलण्याचा.

"खर्च होईल तो सांग," ते म्हणाले. "निम्मा मी देईन. आणि ते बाटलीबिटली घेऊन फिरू नको. बरं दिसत नाही."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांना आधीपासून माहीत होतं हे मला त्यांच्या पदराच्या चाळ्यावरून कळलं. करंजी वाढतानाही माहीत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कॉलेजात शिकवतो. वर्गात आवाज चढवतो म्हणे, घरात नाही. त्यानं बराच वेळ कपाळ चोळलं. मग म्हणाला, "दादानं असं करायला नको होतं." मी वाट बघत राहिले. तो पुढं म्हणाला, "पण आता झालं ते झालं. आईच्या कानावर घालू नकोस. तिचं बीपी वाढतं."

गाडी त्याच मिस्त्रीकडं दुरुस्त करावी लागली, याचा मला जास्त संताप होता. गिअरबॉक्स उघडलेला, भाग टेबलावर पसरलेले. ते गोळा करून दुसरीकडं नेलं तर दुसरा हात लावायला तयार नसतो. आणि खरं सांगायचं तर त्याचा हात चांगला होता. ज्या बोटांनी त्यानं भुसा कालवला, त्याच बोटांनी तो बेअरिंग असं अलगद दाबून बसवायचा की मला राग यायचा. येतं तर मग का नाही करत माणूस नीट? पण मी उभी असले तरच तो नीट करायचा. मी चहाला गेले की जुनीच सील परत बसवून मोकळा व्हायचा. मी परत आले की "अरे, राहिलं व्हय" म्हणून काढायचा. मी रोज कारखाना सुटला की तिथं जायला लागले.

क्लच उघडल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली. प्लेट नुसती झिजलेली नव्हती. भाजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि ती ज्याला टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, निळे डाग पडले होते. एवढी उष्णता साध्या वापरानं येत नाही. मी माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला लॅपटॉप घेऊन बोलावलं. त्यानं गाडीला जोडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हिचं इंजिन कुणीतरी वाढवून घेतलंय. कंपनीनं दिलंय त्याच्यापेक्षा बरीच जास्त ताकद काढतंय. मूळच्या क्लचला हे पेलणारच नाही." पुतण्याची करामत. तेही कुणी सांगितलं नव्हतं. 'लई ताकद आहे' या शब्दांत सांगून झालं होतं, असं भाऊजी कदाचित म्हणाले असते.

आता दोन वाटा होत्या. इंजिन परत मूळच्या ताकदीवर आणायचं, नाहीतर क्लच त्या ताकदीला पुरेल असा घालायचा. मी दुसरी धरली. त्या गाडीत एवढी एकच गोष्ट होती जिच्याबद्दल कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि ती मला काढून टाकायची नव्हती.

मिस्त्रीला शर्यतीच्या गाड्यांतली प्लेट घालायची होती, चार-सहा पाकळ्यांची, भाजलेल्या चिनीमातीसारखी कडक.

"ही घाला ताई, आयुष्यात घसरणार नाय."

"आणि क्रांती चौकात सिग्नलला? पेडल सोडलं की गचका, सोडलं की गचका. अर्ध्या क्लचवर ती चालतच नाही. मला रोज कामावर जायचंय, शर्यतीला नाही."

"पोरं तर हीच मागतात."

"पोरांना आवाज हवा असतो."

मी साध्याच पण जास्त जाड अस्तराची प्लेट मागवली, आणि तिच्यावर दाब देणारी जास्त ताठ स्प्रिंगची झाकणी. पेडल थोडं जड होणार हे मान्य केलं. फ्लायव्हील लेथवर घासून सपाट करून आणलं. इंजिनाच्या मागची सील पाझरत होती, ती बदलली. नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल उडून तीही घसरली असती. आत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची पितळी कडी नवी, मुख्य दांड्याची बेअरिंग नवी, तिसरा गिअर अख्खा नवा. त्याच्या दातांना खड्डे पडले होते. पण त्याआधी गिअरबॉक्सची रिकामी कोठी धुवावी लागली. भुसा प्रत्येक फटीत गेला होता. बारीक नळ्यांत, बोल्टच्या आट्यांत, खोबणीच्या कोपऱ्यांत. डिझेलनं धुतलं, ब्रशनं घासलं, हवेनं उडवलं, आणि तरी बोट फिरवलं की रवा लागायचा. एक दिवस जेवताना मला नखाखाली तो दिसला. समोर कारळाची चटणी होती. मी ताट सारून उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

सगळं बसवल्यावर नवं ऑइल घातलं, मधासारखं. मी गाडी काढली आणि बायपासला नेली. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. खोबणीत गिअर बसल्याचं तळहाताला कळलं. तिसऱ्यात पूर्ण जोर दिला तेव्हा गाडीनं मला पाठीमागं रेटलं आणि काटा आणि वेग बरोबर वर गेले. मिस्त्री शेजारी बसला होता, दाराची कडी धरून.

"बारीक आवाज येतोय अजून," तो म्हणाला.

"येऊ दे. तो धातूचा आहे."

त्यानं मान हलवली. मी त्याचं सगळं चुकतं केलं आणि त्यानं पुढं केलेल्या चहाला नको म्हटलं.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण उन्हाळ्यात भाऊजींच्या नातवाचं जावळ होतं, पिशोरला, शेतात. मांडव घातला होता, बोकड कापले होते, भावकी आणि सोयरे मिळून मोठी पंगत होती. आम्ही लाल गाडीनं गेलो. भाऊजींचे व्याही, म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे, गाडीभोवती फिरून आले.

"लई झकास ठेवलीय."

"आपलीच गाडी," भाऊजी म्हणाले. "पोराची. मी मेंटेन केलेली, म्हणून तर. लहान्याला दिली, म्हटलं घरात राहू दे. किल्ली दे रे, पाव्हण्यांना एक चक्कर मारून आणतो."

किल्ली माझ्या नवऱ्याकडं मागितली होती. ती माझ्या पर्समध्ये होती. नवऱ्यानं माझ्याकडं हात पुढं केला.

मी म्हटलं, "भाऊजी, आधी पाव्हण्यांना सांगा ना, आत काय भरलं होतं ते."

जवळपासच्या माणसांचं बोलणं थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "आता जेवायच्या टायमाला काय काढलंस गं." नवऱ्याचा हात पुढंच होता.

"काय भरलं होतं?" व्याह्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता हा माणूस चारचौघांत एकदा तरी खाली बघेल. तेवढंच हवं होतं मला.

भाऊजींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. हळूहळू, खुलत गेलेलं.

"अहो काय सांगू पाव्हणं," ते म्हणाले, "गंमतच झाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गिअर कसे वाजत होते, मिस्त्रीनं वखारीतून भुसा कसा आणला, नरसाळ्यानं कसा भरला, जालन्याचा दलाल कसा फसत आला होता, आणि ऐन वेळी धाकट्या भावानं मध्येच तोंड घालून स्वतःच्याच गळ्यात धोंड कशी बांधून घेतली. दलालाची नक्कल केली. नवऱ्याची नक्कल केली. मी बाटली घेऊन आले त्याचीही केली, एक हात कमरेवर ठेवून.

माणसं हसली. आधी दोघंतिघं, मग सगळा घोळका. एक म्हातारे काका डोळे पुसत म्हणाले, "बेरकी आहे बरं का हा पहिल्यापासून!" त्यात कौतुक होतं. माझा नवरा हसला. मला वाटलं तो ओशाळून हसतोय, पण नाही. त्याला स्वतःच्या नकलेचं खरंच हसू आलं होतं.

व्याही हसायचे थांबले आणि भाऊजींच्या जवळ सरकले. "कुठं आहे हो तुमचा तो मिस्त्री?" त्यांनी विचारलं. "आमची जुनी जीप काढायचीय. लई वाजती."

भाऊजींनी तिथंच मोबाईल काढून नंबर दिला.

मी पत्रावळीवर बसले नाही. नवऱ्याला म्हटलं, "मी निघते." तो म्हणाला, "असं अर्ध्यातून? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तू थांब." तो थांबला. मी एकटी कन्नडमार्गे परत आले. गाडी सुरेख चालली. मला तिचा आनंद झाला नाही आणि तिची चूकही नव्हती. वाटेत वेरूळजवळ एका टपरीवर थांबून पाण्याची बाटली घेतली, निम्मी प्यायले, निम्मी तोंडावर मारली.

व्याह्यांची जीप महिन्याभरात खपली, असं नंतर कानावर आलं. कुणी घेतली ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, तर नवरा म्हणाला, "तुला काय करायचंय?" तो नंतर एकदा म्हणाला की तो त्या दिवशी सगळे हसत होते म्हणून हसला. तेव्हापासून आम्ही त्या गाडीत बसलो की रेडिओ लावतो.

गौरींच्या जेवणाला यंदा भाऊजी आमच्याकडं होते. पुरणपोळीचा बेत होता. पाटावर बसता बसता सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "काय, कशी चालतीय गाडी?"

"चांगली चालतीय," मी म्हटलं. ते खरं होतं.

"बघा! मी म्हटलं होतं की नाही?" ते सासूबाईंकडं बघून म्हणाले, आणि ताट पुढं केलं.

मी पोळी वाढली. वरून तूप वाढलं, धार तुटेपर्यंत, पाहुण्याला वाढतात तसं. वाढताना मला माझ्याच हाताची किळस आली.